पखाळ: पाण्यातला भात आणि त्यामागचं शेत

श्रोतेहो, नमस्कार.

ओडिशाच्या किनारपट्टीत, केंद्रापडा, जगतसिंहपूर किंवा पुरी जिल्ह्यातल्या एखाद्या गावात चैत्र-वैशाखाच्या दुपारी जेवायला बसलात, तर समोर वाफाळता भात येत नाही. काशाच्या खोलगट वाडग्यात पाण्यात बुडालेला, किंचित आंबूस भात येतो. त्याच्या जोडीला भाजलेलं वांगं, परतलेली पालेभाजी, कांदा, हिरवी मिरची. हा पखाळ. त्यातल्या आंबट पाण्याला म्हणतात तोराणी.

बाहेरचे लोक याला शिळा भात म्हणून मोकळे होतात. शिळा भात म्हणजे उरलेला भात. पखाळासाठी भात मुद्दाम जास्त शिजवतात. पुरीला जगन्नाथाच्या नैवेद्यातही पखाळ असतो. आणि तो नीट जमायचा तर तांदूळ विशिष्ट तऱ्हेने तयार केलेला लागतो, म्हणून आज शेतापासूनच सुरुवात करू.

या भागात वर्षाला भाताचे तीन हंगाम मानतात: बियाळी, शारद आणि डाळुआ. बियाळी लवकर येणारं, डाळुआ उन्हाळी, कालव्याच्या किंवा पंपाच्या पाण्यावरचं. खरा भरवसा शारदावर, म्हणजे पावसाळ्यात पेरून मार्गशीर्षाच्या सुमाराला कापायच्या पिकावर. अक्षय्य तृतीयेला शेतात मूठभर बी टाकून मुहूर्त करतात. जूनच्या मध्यावर रज नावाचा तीन दिवसांचा सण येतो. त्या दिवसांत धरणी रजस्वला असते असं मानतात, त्यामुळे नांगर चालत नाही, जमीन खणत नाहीत. मुली झोके घेतात आणि घरोघरी पोडपिठा भाजला जातो. तांदूळ, उडीद, गूळ आणि खोबरं यांचं पीठ केळीच्या पानात बांधून रात्रभर निखाऱ्यात ठेवायचं, की सकाळी बाहेरून करपट, आतून मऊ अशी जाड भाकर निघते.

लावणी सगळीकडे होतेच, पण जिथे पाण्याचा नेम नाही तिथली जुनी पद्धत वेगळी आहे. तिला बेउषण म्हणतात. छत्तीसगडात हीच बियासी. भंडारा-गोंदियाकडच्या श्रोत्यांनी आवत्या धान, म्हणजे लावणी न करता बी फेकून पेरलेलं धान, पाहिलेलं असतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे बेउषण.

कोरड्या जमिनीत, पहिल्या पावसाच्या आगेमागे, एकरी ४० किलोच्या आसपास बी फेकून पेरतात. लावणीला याच्या निम्मं पुरतं. इथे मुद्दाम दाट, कारण पुढे नांगराखाली रोपं जाणार असतात. पेरणीनंतर साधारण २५ ते ४० दिवसांनी बांधात १० ते १५ सेंटिमीटर पाणी साचलं, की उभ्या पिकात नांगर घालतात. हो, उभ्या पिकात. नांगर हलका, लाकडी, अरुंद फाळाचा हवा. आधी एका दिशेने, मग आडवा. त्यावर मई, म्हणजे आपला मैंद किंवा फळी, फिरवतात. शेत बघवत नाही असं होतं. अर्धी रोपं चिखलात लोळलेली, काही उपटून तरंगणारी. चार-पाच दिवसांत जी जगायची ती उभी राहतात. तण मात्र गाडलं गेल्यामुळे कुजतं. रोपाची मुळं तुटल्याने नवी मुळं फुटतात आणि फुटवा वाढतो. त्यानंतर खेलुआ: जिथे दाट आहे तिथली रोपं उपटून विरळ जागी खोचायची आणि हाताला येईल ते तण काढायचं. हे काम बहुतेक बायकाच करतात. बेउषण बरा झाला की वाईट, हे खेलुआवर ठरतं. तो टाळला तर शेतात ठिगळं दिसतात.

यात बिघडतं कुठे? पाण्याच्या वेळेवर. पाऊस लांबला, बांधात पाणीच नाही, तर नांगर घालता येत नाही. रोप दीड महिन्याच्या पुढे गेलं की त्याची मुळं तुटलेली सोसत नाहीत, आणि तोवर तणाने डोकं वर काढलेलं असतं. उलट बाजूला, नांगर चालल्यावर लगेच जोराचा पाऊस येऊन लोळलेली रोपं बुडाली, तर ती उठतच नाहीत. जड ट्रॅक्टरने हे काम नीट होत नाही. चाकाखाली रोपं कायमची दबतात. बैलजोड्या कमी होत चालल्या तसा बेउषणही अवघड होत चाललाय, हे मान्य करायला हवं.

दुसरी भीती पुराची. खोलगट शेतात आठ-दहा दिवस पीक पाण्याखाली राहतं. साधं धान बुडालं की हवेसाठी भराभर उंच वाढतं, त्यात साठा संपवतं आणि पाणी उतरल्यावर कोसळतं. स्वर्णा सब-१ ही जात भारतात २००९ साली आली. ती पाण्याखाली वाढ थांबवून बसते आणि सुमारे दोन आठवडे तग धरते. तिच्यातला हा गुण ज्या धानातून आला, ते धळापुटिया मूळचं ओडिशाचंच गावठी वाण. प्रयोगशाळेने तो गुण फक्त लोकप्रिय जातीत आणून बसवला.

जाता जाता एक गंमत. गुंठा तिथेही आहे, पण एकराचे गुंठे २५. आपल्या ४० च्या हिशेबाने तिकडे जमिनीचा भाव विचारलात तर फसाल.

कापणीनंतर धान घरी येतं, तेव्हा मार्गशीर्षातले गुरुवार चालू असतात. आपल्याकडे या गुरुवारी महालक्ष्मीचं व्रत असतं. तिथेही लक्ष्मीचीच पूजा, पण नव्या धानाने भरलेल्या मापाची. दारात तांदळाच्या पिठाची बोटाने काढलेली पावलं आणि कणसं. फक्त तिकडचा महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, म्हणून त्यांचा पहिला गुरुवार आपल्या आधी येतो.

आता तांदळाकडे. पखाळाला लागतो उसुना चाउळ, म्हणजे उकडा तांदूळ. कोकण-गोव्याच्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. घरी करायची रीत अशी. धान मोठ्या हंड्यात पाण्यासह चटका बसेपर्यंत तापवायचं आणि त्याच पाण्यात रात्रभर ठेवायचं. सकाळी पाणी काढून, तळाशी थोडंसंच ठेवून, वाफ काढायची. तुसाची टोकं उकलायला लागली की उतरवायचं. मग अंगणात पातळ पसरून वाळवायचं. भर दुपारच्या उन्हात एकदम वाळवलं तर दाण्याला तडे जातात आणि कांडताना कणीच निघते. थोडं ऊन, मग ढीग करून सावली, पुन्हा ऊन, असं करावं. दाण्याचा दाताखाली स्वच्छ कट आवाज आला की वाळलं. वाफ कमी पडली असेल तर तांदळाच्या पोटात पांढरा ठिपका राहतो. भिजत जास्त ठेवलं तर तांदूळ पिवळट होतो आणि वास धरतो.

इतका खटाटोप का? उकडताना दाण्यातला स्टार्च शिजून घट्ट बसतो, कोंड्यातली ब जीवनसत्त्वं थोडी आत मुरतात आणि भात मोकळा राहतो. अरुआ, म्हणजे कच्चा तांदूळ रात्रभर पाण्यात ठेवला तर त्याचा लगदा होतो. म्हणून अरुआ खिरीला आणि पिठ्याला, उसुना रोजच्या भाताला.

पखाळाची कृती लिहून घ्यायची असेल तर कागद-पेन्सिल घ्या. एक वाटी उकडा तांदूळ धुऊन पाच-सहा वाट्या पाण्यात शिजवा आणि पेज काढून टाका. भात पसरून हाताला कोमट लागेपर्यंत निववा. मग मातीच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात घालून वर दोन बोटं येईल इतकं पिण्याचं पाणी ओता. आधीच्या दिवसाची तोराणी असेल तर दोन चमचे घाला, म्हणजे आंबणं लवकर आणि भरवशाने होतं. सैलसर झाकण ठेवा. उन्हाळ्यात १० ते १२ तास पुरतात. थंडीत १६ ते १८ लागतात. मीठ खाताना घाला.

चुका ठरलेल्या आहेत. गरम भातावर पाणी ओतलं तर तो फुगून फुटतो. ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबवू नये, चव बिघडते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: शिजलेला भात तासन्‌तास तसाच उघड्यावर ठेवून मग पाण्यात घालू नका. अशा कोमट भातात जे जंतू वाढतात त्यांचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. तास-दीड तासाच्या आत तो पाण्यात गेलाच पाहिजे, कारण आंबटपणा आला की त्यांची वाढ अडते. उष्टा हात, ओला चमचा भांड्यात जाऊ देऊ नये. तयार पखाळाला ताकासारखा वास येतो. पाणी तार धरत असेल, कडवट लागत असेल किंवा वर गुलाबी-काळे डाग असतील, तर संपूर्ण भांडं टाकून द्या.

नुकताच पाण्यात घातलेला तो सज पखाळ, रात्रभर ठेवलेला बासी पखाळ. दही, भाजलेलं जिरं, लिंबाचं पान चुरगळून घातलं की दही पखाळ. बासी खाल्ल्यावर डोळे जड होतात, म्हणून शेतकरी दुपारी तो खाऊन झाडाखाली थोडा आडवा होतो.

सोबतीला शाग, म्हणजे माठाच्या जातीतल्या लेउटिया किंवा कोसळा, लसूण-लाल मिरचीवर परतलेल्या. सुकी मासळी निखाऱ्यावर भाजून. आणि बडी चुरा, ज्याशिवाय माझ्या मते पखाळ अर्धाच. बडी म्हणजे उडदाचा सांडगा. सोललेली अर्धा किलो उडीदडाळ सहा-आठ तास भिजवून, जमेल तितकं कमी पाणी घालून वाटायची. मग हाताने वीस मिनिटं एकाच दिशेने फेटायची. पाण्यात टाकलेला ठिपका तरंगला की झालं. बुडाला तर आणखी फेटा, नाहीतर बडी दगडासारखी होते. कोहळा घालायचा असेल तर तो किसून, मीठ लावून, दाबून पाणी काढूनच. स्वच्छ कापडावर सकाळीच घालायच्या आणि तीन-चार दिवस कोवळं कोरडं ऊन द्यायचं. आभाळ किंवा धुकं असेल तर त्या दिवशी डाळ भिजवूच नये, बुरशी येते. चुऱ्यासाठी दहा-बारा बड्या मोहरीच्या तेलात तळून खलात जाडसर कुटायच्या. त्यात चार लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, एक कांदा, मीठ आणि वरून चमचाभर कच्चं मोहरीचं तेल. कुटल्यावर लगेच खायचा, थांबलात तर कुरकुरीतपणा जातो.

ओडिशात २० मार्चला पखाळ दिवस साजरा होतो. उन्हाळ्याची ती सुरुवातच असते, तेव्हा आपल्याकडेही मडकं बाहेर काढायला हरकत नाही. मडकं धुताना साबण नको, माती तो शोषून घेते. राख आणि गरम पाण्याने घासून दिवसभर उन्हात पालथं घाला. आणि पखाळ संपवण्याआधी अर्धी वाटी तोराणी उद्यासाठी वेगळी काढून ठेवायला विसरू नका.

नमस्कार.