सातवा आला, म्हणजे नेमकं काय झालं?

भरीत-पुरीच्या जेवणानंतर व्याख्यान ठेवलंय, तेव्हा तुम्हाला पेंग यायच्या आत मुद्द्यावर येतो. समोर निम्मे क्रीडाशिक्षक, निम्मे वार्ताहर. धावपटूबद्दलचं पहिलं वाक्य तुम्ही लिहिता, मग वीस वर्षं लोक तेच उतरवून घेतात.

श्रीराम सिंग घ्या. १९७६, मॉन्ट्रियल ऑलिंपिक, ८०० मीटरची अंतिम शर्यत. पहिला फेरा संपला तेव्हा हा आपला गडी सगळ्यांच्या पुढे! शेवटी सातवा आला, वेळ १:४५.७७. याबद्दल ‘पदक थोडक्यात हुकलं’ असं बिनदिक्कत लिहिलं जातं. कांस्यपदकाची वेळ होती १:४४.१२. म्हणजे दीड सेकंदाहून जास्त फरक. मैदानात मोजाल तर बारा-एक मीटर. याला थोडक्यात म्हणतात का? दुसरी टोळी म्हणते, श्रीरामने वेग दिला म्हणून क्यूबाचा जुआंतोरेना १:४३.५० या विश्वविक्रमासह जिंकला. वेगाचा हातभार लागला, कबूल. पण त्याच ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरही जिंकणाऱ्या माणसाचं सुवर्ण आपल्या खात्यावर कशाला मांडायचं? श्रीरामची खरी थोरवी वेगळीच आहे. ती १:४५.७७ ही वेळ ४२ वर्षं राष्ट्रीय विक्रम राहिली. २०१८ मध्ये जिन्सन जॉन्सनने ती मोडली, तीही अवघ्या बारा शतांश सेकंदांनी. शिवाय एशियाडची दोन सुवर्णं, १९७४ आणि १९७८.

आता जिन्सन. त्याच वर्षी जकार्ता एशियाडमध्ये त्याने १५०० मीटरचं सुवर्ण घेतलं ३:४४.७२ मध्ये. पुढच्या वर्षी बर्लिनला राष्ट्रीय विक्रम केला ३:३५.२४, आणि तिथे पहिला काही आला नाही. नुसती घड्याळं लावून बसलात तर सुवर्णाची शर्यत फुसकी ठरेल. एशियाडच्या फायनलला सगळे एकमेकांकडे बघत पळतात, खरी शर्यत शेवटच्या तीनशे मीटरला. म्हणून क्रमांक, वेळ आणि शर्यत कसली होती, तिन्ही लिहा.

दुसऱ्यांना काय सांगतोय, मी स्वतः माती खाल्लीय. सातपुड्याच्या पायथ्याची एक पोरगी, आमच्या मैदानावर ८०० मीटर २:२० मध्ये पळाली. मी त्याच दिवशी सत्काराच्या पत्रात ‘जिल्हा विक्रम’ ठोकून दिलं. कुठल्या जुन्या आकड्याशी ताडून, ते विचारू नका. रात्री झोप लागेना. सकाळी टेप घेऊन गेलो, तर आमचा चुन्याचा ट्रॅक निघाला ३८८ मीटरचा. दोन फेऱ्यांत २४ मीटर गायब, म्हणजे चार सेकंद तरी. पोरीला सांगितलं. ती रडली नाही, एवढंच म्हणाली, “सर, मंग टाईम कितला धरू?”

पुढच्या रविवारी फक्की नव्याने मारली. ती परत पळाली. माझ्या घड्याळात आलं २:२४.२१. हातातल्या घड्याळाची वेळ पुढच्या दशांशाला न्यायची, हा नियम. कागदावर लिहिलं २:२४.३.