पान नंबर लिहिलाय का?

(कोल्हापुरातल्या एका कॉलेजात एमए आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांपुढं, संशोधनात संदर्भ कसे द्यायचे यावर झालेलं बोलणं, थोडं नीटनेटकं करून.)

या, पुढं या, मागं भिंतीला कशाला टेकताय. माईक नको, आवाज पोचतोय की.

परवा एक मुलगी प्रोजेक्ट दाखवायला आली. पहिल्याच पानावर वाक्य होतं, शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागासलेल्या वर्गांसाठी सगळ्या नोकऱ्यांपैकी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. मी म्हटलं बाळ, हे कुठनं घेतलंस? तर म्हणाली सर, हे कोल्हापुरात सगळ्यांनाच माहितीय की. आता दसरा चौकात जाऊन कुणालाही विचारा, तो हे सांगणार, त्यात काही वाद नाही. पण करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या, सरकारच्या गॅझेटात जो हुकूम छापला त्यात काय आहे, तर त्या तारखेपासून पुढं ज्या जागा रिकाम्या होतील त्यातल्या ५० टक्के मागासलेल्या वर्गांतून भरायच्या, आणि ज्या कचेरीत त्यांचं प्रमाण ५० टक्क्यांपेक्षा कमी आहे तिथं पुढची नेमणूक त्यांच्यातल्याच माणसाची करायची. आणि मागासलेले वर्ग म्हणजे कोण, हे पण तिथंच लिहिलंय, ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. आता बघा, "सगळ्या नोकऱ्या" आणि "इथून पुढं रिकाम्या होणाऱ्या जागा" यात किती फरक पडला. एवढ्या मोठ्या राजाचा एवढा मोठा निर्णय, आणि आपण त्याच्याच गावात बसून तो चुकीचा लिहितोय, का, तर मूळ कागदापर्यंत कुणी गेलंच नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

मग तिनं मला विचारलं, गॅझेट मिळालं नाही तर काय करू? चांगला प्रश्न आहे. तुम्ही तो हुकूम एखाद्या पुस्तकात वाचला असेल तर त्या पुस्तकाचा संदर्भ द्या, "अमुक पुस्तकात उद्धृत" असं स्पष्ट लिहा. डोळ्यांनी न बघितलेल्या गॅझेटचं नाव संदर्भसूचीत घालायचं नाही. ते पुस्तकवाल्यानं कष्ट करून शोधलंय, त्याचे कष्ट आपल्या नावावर कशाला लावून घ्यायचे?

संदर्भ म्हणजे काय, तर तुमच्या मागून येणाऱ्या माणसाला त्याच कपाटातल्या त्याच पुस्तकाच्या त्याच पानावर जाता आलं पाहिजे. बाकी स्वल्पविराम कुठं, कंस कुठं, इटॅलिक काय करायचं, हे सगळं त्याच्यानंतर.

हे मी अनुभवानं सांगतोय. माझ्या स्वतःच्या प्रबंधाच्या वेळी एक उतारा मी वहीत उतरवून घेतला होता, लेखकाचं नाव लिहिलं, पुस्तकाचं लिहिलं, पान नंबर राहिला. म्हटलं नंतर बघू. दोन वर्षांनी लिहायला बसलो तर तो उतारा माझ्या सगळ्या प्रकरणाचा कणा, आणि पान सापडेना. ग्रंथालयातनं परत पुस्तक काढलं तर ती तिसरी आवृत्ती, मी वाचली होती पहिली, पानं सगळी सरकलेली, आणि त्यात लेखकानं तो परिच्छेदच बदललेला. पहिल्या आवृत्तीसाठी चार ग्रंथालयं फिरलो, आठ दिवस गेले. शेवटी मिळालं. वहीत त्या उताऱ्यापुढं मी तेव्हा लाल पेनानं पान नंबर लिहिला, ती वही अजून माझ्याकडं आहे.

तर वाचताना वहीत काय काय लिहायचं? पुस्तक हातात घेतलं की कव्हर बघून थांबू नका, आत पुस्तकाचं नाव छापलेलं पान असतं ते उलटून त्याची मागची बाजू बघा. लेखक, अनुवाद असेल तर अनुवादक, संपादित असेल तर संपादक आणि त्यातल्या लेखाचा लेखक वेगळा, प्रकाशक, गाव, आवृत्ती, साल. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यात गोंधळ करू नका, पुनर्मुद्रणात मजकूर तोच राहतो, नव्या आवृत्तीत बदललेला असू शकतो. जुन्या मराठी पुस्तकावर बऱ्याचदा नुसता शक असतो, शके १८२४ वगैरे. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, १९०२. शक चैत्रात सुरू होतो म्हणून पौष-माघ-फाल्गुनातल्या तारखेला कधीकधी ७९ मिळवावे लागतात, तेवढं ध्यानात ठेवा.

आता स्टाईल, म्हणजे संदर्भ लिहायच्या ठरलेल्या पद्धती. एपीए, एमएलए, शिकागो, तुम्ही सगळे याच्यावरच घाबरून बसलाय. एपीए म्हणजे अमेरिकेतली मानसशास्त्रज्ञांची संघटना, त्यांनी १९२९ साली सात पानांचा एक लेख काढला होता, तिथनं वाढत वाढत २०१९ ला त्यांची सातवी आवृत्ती आली. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र असल्या विषयांत संशोधन किती ताजं आहे याला किंमत, म्हणून ते लेखकाच्या नावाला लागूनच साल देतात. एमएलए साहित्याच्या लोकांची, त्यांना कवितेची ओळ नेमकी कुठं आहे ते पाहिजे, म्हणून मजकुरात लेखक आणि पान. इतिहासवाले शिकागोच्या तळटीपा वापरतात कारण त्यांच्याकडं दफ्तर, पत्र, फर्मान असले कागद, ते कंसात मावत नाहीत. एवढं कारण कळलं की पाठ करायला लागत नाही. तुमच्या विभागानं कुठली सांगितलीय ती धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

मराठीत लिहिणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. "तत्रैव" (म्हणजे लगेच वरच्या टीपेतलंच पुस्तक) आणि "उनि" (म्हणजे आधी कुठंतरी सांगितलेलं पुस्तक) जपून वापरा. तुम्ही तळटीप ११ ला तत्रैव लिहिता, मग गाईड सांगतात मधे एक परिच्छेद घाला, तिथं नवी तळटीप येते, आणि तुमचा तत्रैव आता भलत्याच पुस्तकाकडं बोट दाखवतो. तत्रैव सगळ्यात शेवटी, सगळं फायनल झाल्यावर घाला. दुसरं, टायपिंग युनिकोडमधेच करून घ्या. जुन्या फॉन्टमधल्या फाईली कन्व्हर्ट करताना जोडाक्षरं फुटतात आणि आडनावंच बदलून जातात, मग अकारविल्हे लावलेली सूची सगळी विस्कटते. झोटेरो म्हणून संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते शिकून घ्या, पण त्यात भरलेली माहिती एकदा स्वतः तपासा, ते तुम्ही भरलंय तेच छापणार.

प्रबंध दुसऱ्याच्या लिखाणाशी किती टक्के जुळला तर चालतो, हे सगळेच विचारतात. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे नियम आहेत, १० टक्क्यांपर्यंत साम्य असलं तर दंड नाही, १० ते ४० असलं तर प्रबंध दुरुस्त करून परत द्यायचा, ४० ते ६० असलं तर एक वर्ष थांबायचं, आणि ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशन रद्द. पण अवतरणचिन्हात घेऊन नीट संदर्भ दिलेला मजकूर आणि संदर्भसूची यात धरत नाहीत. म्हणून टक्के कमी करायला शब्द फिरवत बसू नका, "म्हणाले" चं "उद्गारले" करून चोरी जात नाही. दुसऱ्याचा विचार घेतला की संदर्भ द्यायचा, शब्द तुमचे असले तरी.

आणि एआयला संदर्भ मागू नका. तो लेखक देतो, जर्नल देतो, साल, खंड, पानं सगळं देतो, आणि शोधायला गेलं तर तसला लेखच कुठं नसतो. प्रत्येक डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख नंबर, उघडून बघा, १० नं सुरू होणारा तो नंबर खरा असला तर तुम्हाला त्याच लेखावर नेतो. लेख उघडला नाही, वाचला नाही, तर यादीत घालायचा नाही.

शेवटचं, तालमीतल्या कुस्तीवर काम करणारा मुलगा इथं बसलाय म्हणून. त्याच्या प्रकरणात मातीबद्दल चार पानं आहेत, कुस्तीचा हौद, म्हणजे मातीचा आखाडा, कसा तयार करतात, माती चाळून त्यात ताक, तेल, हळद किती वेळानं घालतात, पावसाळ्यात माती कशी जपतात. इतकं बारीक कुठल्याच पुस्तकात मला मिळालं नव्हतं. मी विचारलं कुणी सांगितलं, तर म्हणाला वस्तादांनी, दोन संध्याकाळी बसून. आणि प्रकरणात वस्तादांचं नावच नाही. का, तर म्हणे ते छापील सोर्स नाहीत. अरे, त्या माणसानं चाळीस वर्षं माती हातानं कालवलीय! नाव छापू का म्हणून त्यांना विचार, हो म्हणाले तर नाव, तालीम, मुलाखतीची तारीख सगळं लिही. एमएलएत मुलाखत सूचीत येते. एपीएत असलं बोलणं मजकुरातच तारखेसह देतात, सूचीत नाही, कारण वाचकाला ते परत शोधता येत नाही. रेकॉर्डिंग असेल तर जपून ठेव. आणि प्रकरण पुरं झालं की त्यांच्याकडं जाऊन ती चार पानं त्यांना वाचून दाखव, काही चुकलं असेल तर तेच सांगतील.

हां, आता वह्या काढा. पहिला उतारा उघडा आणि बघा, पान नंबर लिहिलाय का.