कणकुंबीला पाणी वळतं

(अंधार. ओल्या डांबरावर सायकलच्या दिव्याचा गोल उजेड.)

रविवारची पहाट, पाच वाजलेत. बेळगावच्या तिसऱ्या रेल्वे गेटापाशी आम्ही चौघं टायर दाबून बघतोय. खिशात गूळ-शेंगदाणे, दोन केळी, एक जादा ट्यूब. आज चोर्ला घाटातून गोव्याच्या साखळीपर्यंत उतरायचं आणि आजच्या आज घरी यायचं. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या आसपास.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, सह्याद्रीच्या माथ्याला टेकून बसलेलं. कोकणातला सायकलवाला सकाळी ताज्या पायांनी घाट चढतो आणि दुपारी उतरत घरी जातो. आमचं उलटं. आम्हाला गारव्यात उतार मिळतो, आणि चढ वाट बघत असतो दुपारी, उन्हात, पाय दमल्यावर. खाली जाताना अंगात किती शिल्लक ठेवायचं, हा हिशेब इथं प्रत्येकाला शिकावा लागतो.

(हिंडलगा. आजची नाही, दुसरी वाट. रस्त्याच्या दुतर्फा झाडं. दुधाचे कॅन घेऊन शहराकडे येणाऱ्या मोटरसायकली.)

समुद्राकडे उतरायच्या आमच्या वाटा चार. त्यातली जुनी वाट हिंडलग्यावरून जाते, आणि तिला गावात आजही वेंगुर्ला रोडच म्हणतात. रेल्वे यायच्या आधी बेळगावचा माल बैलगाड्यांनी वेंगुर्ल्याच्या बंदराला जायचा. १८८० च्या दशकात आगगाडी आली, माल लोंढ्यावरून मार्मागोव्याकडे वळला आणि बंदराचा दिमाख उतरला. रस्ता मात्र राहिला. तांबडी माती, रताळ्याचे वेल, मग शिनोळीला महाराष्ट्र. पाटी बदलते, एसटीचा रंग बदलतो. वेल तेच, आणि बांधावरून कोण कुठल्या सोयऱ्याचा हे विचारणारी बोलीही तीच. पुढं चंदगडवरून आंबोली. तिथं वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत आंबोली उतरायची म्हणजे पुढच्या सायकलचा लाल दिवा धरून चालायचं, दुसरं काही दिसत नाही.

तिलारी घाट उभा आहे. वळणं आखूड, उतार तीव्र. ज्याला आपले ब्रेक नीट कळलेले नाहीत त्यानं तो उतरू नये, असं मी स्पष्ट सांगतो. अनमोडला ट्रकांची गर्दी फार.

राहिला चोर्ला. या चारांत माझा जीव त्याच्यातच अडकलाय.

(पिरनवाडी. उजाडतंय. किणयेकडे जाणारा रस्ता, भातशेती, धुकं.)

पिरनवाडीला खानापूरचा रस्ता सोडला की किणये. इथून रस्ता लाटेसारखा वर-खाली होत जातो. छोटा उतार, लगेच छोटा चढ. जोरात मारलं की पुढच्या अर्ध्या तासात मांड्या भरून येतात. हलक्या गिअरवर, एका लयीत पाय फिरवत राहिलं की कळतही नाही. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना भाताची लावण चाललेली असते. प्लास्टिकच्या खोळी पांघरून ओळीनं वाकलेल्या बायका, आणि मधूनच कुणीतरी मान वर करून विचारतं, "कुठं रे एवढ्या पावसात?" गोव्याला म्हटलं की सगळी ओळ हसते.

कुसमळीला पूल लागतो. खाली मलप्रभा. इथून पुढं आम्ही नदीच्या उगमाकडे, तिच्या उलट दिशेनं जातो. जांबोटी, मग जंगल. डाव्या हाताला, आत, भीमगडचं अभयारण्य. २०११ साली घोषित झालेलं, १९० चौरस किलोमीटरचं. तिथल्या बारापेडे गुहांतलं रॉटनचं वटवाघूळ जगातल्या फार दुर्मिळ वटवाघळांपैकी एक. ते आम्हाला रस्त्यावरून कधी दिसणार नाही. गवा मात्र दिसतो. पहाटे रस्त्यात गवा उभा असला तर उतरायचं, सायकल आडवी धरायची, आणि तो जाईपर्यंत थांबायचं. घंटी वाजवायची नाही.

(कणकुंबी. कौलारू घरं. माउलीचं देऊळ, शेजारचं कुंड.)

चाळीसेक किलोमीटर झाले. कणकुंबी.

या गावात मला दर वेळी थांबावं लागतं. दमतो म्हणून नव्हे. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम मानतात. हे पाणी पूर्वेला निघतं, खानापूर, सौंदत्ती करत ३०४ किलोमीटर वाहतं आणि कुडलसंगमला कृष्णेला मिळतं. म्हणजे शेवटी बंगालचा उपसागर. आणि याच गावच्या परिसरात कळसा नाला उगम पावतो. तो पश्चिमेला वळतो, म्हादईला मिळतो, गोव्यात तिचीच मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्र. याच पाण्यावरून कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र लवादापुढे उभे राहिले. २०१८ साली निवाडा झाला, तरी वाद शमलेला नाही.

नकाशात इथं राज्याची हद्द शोधायला बोट फिरवावं लागतं. १९५६ साली राज्यं नव्यानं आखली गेली आणि आमची गावं तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. त्या रेषेचं दुखणं आमच्या घराघरात आहे, ते मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण पाण्याची रेषा त्याच्याही आधीची, आणि ती मांड्यांना कळते. मोटारीत बसून कणकुंबी ओलांडलेल्या माणसाला हे कुणी सांगून पटायचं नाही. सायकलवर इतका वेळ नदीच्या विरुद्ध चढत आलेले पाय अचानक हलके होतात. गिअर न बदलता वेग वाढतो. वाऱ्याचा वास बदलतो, खारट नाही, पण ओला, उबट. पाणी वळलंय.

कोपऱ्यावरच्या टपरीत मावशी उप्पीट वाढतात. "बस जरा बाबा, घाम वाळू दे," म्हणतात, आणि न विचारता बाटल्या भरून ठेवतात.

(घाट. वळण. दरीतून वर येणारं धुकं.)

उतार. इथं थोडं जवळून सांगतो. माणूस आणि सायकल मिळून ऐंशी किलो धरले, तर सातशे मीटर खाली येताना जेवढी ऊर्जा सुटते, तिच्यात दीड लिटर पाणी उकळेल. त्यातली बरीच वाऱ्याशी झगडण्यात जाते, उरलेली ब्रेकमध्ये. रिमला घासणारे ब्रेक सतत दाबून धरले तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. माझी फुटली होती, चोर्ल्याच्याच एका वळणाआधी, मागच्या चाकाची. चाक डगमगलं, मी कसाबसा आतल्या कडेला थांबलो. बोटानं रिमला शिवलो तर चटका बसला. तेव्हापासून ब्रेक वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर मारतो, मग सोडतो, पुन्हा मारतो. वळणात फक्त बाहेरच्या पायावर भार. त्या दिवशी मागून भाजीचा टेम्पो आला होता. ड्रायव्हर कन्नड बोलणारा, मला तुटकं येतं. "अण्णा, पंक्चर," एवढंच म्हणालो. त्यानं टेम्पो वळणाच्या मागं आडवा लावला, दिवे चालू ठेवले आणि ट्यूब बदलून होईपर्यंत हलला नाही.

वळणावळणांवर चिप्सची पाकिटं, बाटल्या, पत्रावळी पडलेल्या असतात. पावसात त्या त्याच कळशाच्या, म्हादईच्या पाण्यात जातात. हे बघून मला राग येतो, आणि तो इथं बोलून दाखवतोय. घाटात थांबा, धबधबा बघा, खा. पण कचरा डिकीत टाकून घरी न्या. आणि मोटारवाल्यांनो, वळणात सायकलला दीड मीटर जागा सोडा. कठड्यापलीकडे दरी आहे.

(साखळी. दमट ऊन. पातळभाजी-पाव, कोकम सरबत.)

साखळीत पोटभर खायचं नाही. अर्धं खायचं, मिठाचं पाणी प्यायचं, आणि अकराच्या आत परत फिरायचं. पायथ्याला झाडं दाट, वारा नाही. पहिल्या किलोमीटरात अंगातून धारा लागतात. सगळ्यात हलका गिअर, नजर पुढच्या दहा हातांवर, बोलणं बंद. चौघांतला सगळ्यात तरुण पुढं निघून जातो, त्याला जाऊ द्यायचं. वर तो सावलीत बसलेला सापडतो, गूळ संपवून.

(कणकुंबी. दुपार. त्याच टपरीचं बाकडं.)

मावशी चहा आधीच आधणावर ठेवतात. सायकली लांबून दिसतात त्यांना.

आता मलप्रभा आमच्या दिशेनं वाहतेय. चढ आहेत अजून, पण तिच्या सोबतीनं. कुसमळीच्या पुलावर ती उजवीकडे खानापूरला वळते. आम्ही बाटलीतलं उरलेलं पाणी डोक्यावर ओततो आणि सरळ किणयेच्या रस्त्याला लागतो.