लाल हूडीतले पहारेकरी

कॅनडाचं उत्तर टोक. भर हिवाळ्यात पारा उणे ४० च्या खाली जातो आणि कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. बहुतेक वस्त्यांना जोडणारा रस्ता नाही. विमान, नाहीतर बर्फावरून स्नोमोबाइल.

इथे गस्त घालणाऱ्यांची ओळख म्हणजे लाल हूडी आणि लाल टोपी. हे कॅनेडियन रेंजर्स. १९४७ साली उभारलेलं, सैन्याच्या राखीव दलातलं पथक. आज २०० हून अधिक वस्त्यांमध्ये सुमारे ५,००० रेंजर्स आहेत. त्यांत इनुइट आणि इतर आदिवासी समाजांतले स्त्री-पुरुष मोठ्या संख्येने आहेत. निवृत्तीचं वय ठरलेलं नाही; अंगात बळ आहे तोवर काम. तुकडीचा प्रमुखही वरून नेमत नाहीत, रेंजर्सच त्याला निवडून देतात. सैन्यात हे किती दुर्मीळ!

शत्रूशी लढणं हे त्यांचं काम नाही. अनोळखी जहाज, संशयास्पद हालचाल दिसली की कळवायचं. खांद्यावरची रायफल मुख्यतः ध्रुवीय अस्वलांपासून बचावासाठी. कित्येक दशकं ती जुनी ली-एनफिल्डच होती, कारण कडाक्याच्या थंडीतही ती दगा देत नसे.

पण त्यांचं खरं बळ आहे ते या भूमीच्या ओळखीत. चुंबकीय ध्रुव जवळ असल्याने इथे होकायंत्रावर भिस्त ठेवता येत नाही. मग वाट कशी काढायची? वारा वर्षानुवर्षं ठरावीक दिशेने वाहतो आणि बर्फावर कठीण, लांबट उंचवटे कोरून ठेवतो. धुक्यात समोरचं दिसेनासं झालं, तरी जाणकार माणूस त्या उंचवट्यांवरून दिशा धरतो. दक्षिणेकडून सरावाला आलेले सैनिक हे त्यांच्याकडून शिकतात. कुठला बर्फ वजन पेलेल, इग्लू कसं रचायचं, हेही.

१ जानेवारी १९९९. क्वेबेकच्या उत्तरेकडचं कांगिक्सुआलुजुआक गाव शाळेच्या व्यायामशाळेत नववर्ष साजरं करत होतं. मध्यरात्रीनंतर हिमकडा कोसळला. ९ जण दगावले. बचावाला रेंजर्स धावले. गाडलेल्यांमध्ये त्यांचेच शेजारीपाजारी होते.

आता समुद्र उशिरा गोठतो, लवकर फुटतो. आजोबांनी दाखवलेली वाट यंदा सुरक्षित असेलच असं नाही. ती पुन्हा तपासावी लागते. १९९८ पासून १२ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी ज्युनिअर रेंजर्स हा उपक्रम चालतो. बर्फावरचं प्रवासाचं शहाणपण ही मुलं गावातल्याच रेंजर्सकडून शिकतात.