ऊसतोडीची उचल कोण देतं?

(इंग्लंडमधील लेस्टर येथील संक्रांत मेळाव्यातील भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी. आत्ताच आपण एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवला. याच दिवसांत बीडकडची हजारो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडाजवळ पालं ठोकून राहिलेली असतात. माझं माहेर बीडचं. दिवाळी झाली की गावात म्हातारी माणसं तेवढी उरायची आणि आमच्या वर्गातले निम्मे बाक रिकामे व्हायचे.

हे असं का, ते मला फार उशिरा समजलं. हंगामाआधी मुकादम, म्हणजे तोडणीला मजूर नेणारा ठेकेदार, उचल देतो, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ धरतात. बाई बरोबरीनं राबते, पण हिशोब नवऱ्याच्या नावावर. एक दिवस आजारपणात गेला की खाडा लागतो, म्हणजे मजुरी बुडते ती बुडते, वर दंड. वही मुकादमाकडे. हंगाम संपला तरी बाकी निघते आणि पुढच्या साली त्याच्याबरोबरच जावं लागतं. कर्जापोटी माणसाला असं बांधून ठेवणं भारतात १९७६पासून गुन्हा आहे.

पाळीच्या त्रासानंही खाडे पडतात; ते टाळायला काही जणी गर्भाशयच काढून टाकतात. २०१९मध्ये शासनाच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी केली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. हा आकडा वाचला तेव्हा वर्गातले ते रिकामे बाक मला आठवले. तिथं बसणाऱ्या मुली आता कुठे असतील?

मग साखरच सोडायची का? १८२०च्या दशकात एलिझाबेथ हेरिक आपल्या याच लेस्टरमध्ये दारोदार फिरल्या. गुलामांच्या श्रमातून आलेली वेस्ट इंडीजची साखर घेऊ नका, विकू नका, असं घराघरांत आणि किराणा दुकानांत सांगत राहिल्या. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. पण आपल्या कोयत्यांचं दुखणं वेगळं आहे. फडावरचं काम गेलं तरी घेतलेली उचल डोक्यावर राहतेच. म्हणून मी म्हणते, विचारायला लागा.

शीतपेयं बनवणाऱ्या जगभरच्या कंपन्यांना महाराष्ट्रातून साखर जाते. ब्रिटनमध्ये ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून अधिक उलाढाल असलेल्या कंपनीनं गुलामगिरीविरुद्ध काय केलं, ते २०१५च्या कायद्यानुसार दरवर्षी जाहीर करायचं असतं. ‘काहीच केलं नाही’ असं लिहिलं तरी कायदा पाळल्यासारखाच होतो! म्हणून ते निवेदन गिऱ्हाइकानं वाचायला हवं. वाचून झालं की एवढंच लिहून पाठवा: तोडणीची मजुरी बाईच्या हातात थेट पडते का, आणि उचलीची वही कोण तपासतं?

पहिलं उत्तर गुळगुळीत येईल. एका कंपनीला मी तीनदा लिहिलं, तेव्हा कुठे साखर कोणत्या जिल्ह्यांतून येते ते कळलं. चौथं पत्र तिकडे चहाच्या टेबलावर ठेवलं आहे. त्यात कारखान्यांची नावं मागितली आहेत. खाली सह्यांसाठी जागा सोडली आहे.