भोंगा घेऊन उभे राहिलेले तिघं

नमस्कार मंडळी! आज गाणी जरा नंतर, आधी थोडं बोलायचंय. परवा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, टेनेसी राज्याच्या त्या तीन आमदारांचा विषय परत निघाला, ज्यांना २०२३ मधे सभागृहातून हाकलायचा ठराव आला होता, तर एकजण म्हणाले "सभागृहात भोंगा घेऊन ओरडले मग शिक्षा होणारच ना", आणि खाली धडाधड अंगठे. मी तिथे काही लिहिलं नाही, म्हटलं रेडिओवरच बोलू.

तर २७ मार्च २०२३, सोमवार. टेनेसीची राजधानी नॅशव्हिल, तिथल्या कव्हेनंट स्कूलमधे गोळीबार झाला, सहाजण गेले. त्यातली तीन मुलं, तिघंही नऊ वर्षांची, आणि तीन शाळेत काम करणारी मोठी माणसं. गुरुवारी हजारो लोक राज्याच्या कॅपिटॉलवर, म्हणजे विधानभवनावर, जमले, त्यात आईबाप होते, शाळा कॉलेजातली पोरं होती, सगळ्यांचं एकच की बंदुकांचं काहीतरी करा. आणि आत सभागृहात रोजचं कामकाज चालू! बाहेरचा आवाज आतपर्यंत येतोय, आणि आत या विषयावर बोलायला मिळत नाहीये. मग डेमोक्रॅटिक पक्षाचे तीन आमदार, नॅशव्हिलचे जस्टिन जोन्स, मेम्फिसचे जस्टिन पिअरसन आणि नॉक्सव्हिलच्या ग्लोरिया जॉन्सन, हे तिघं सरळ पुढे जाऊन उभे राहिले, दोघा जस्टिननी भोंगा हातात घेतला आणि गॅलरीतल्या लोकांबरोबर घोषणा दिल्या. जॉन्सनबाईंनी भोंगा घेतला नव्हता, त्या नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या. बाई निवृत्त शिक्षिका, २००८ मधे नॉक्सव्हिलच्या ज्या शाळेत त्या शिकवत होत्या तिथे एका मुलाला गोळी घालून मारलं होतं, त्यामुळे त्यांना कोणी वेगळं काही समजवायची गरज नव्हती.

नियम मोडला का? हो मोडला, मी नाही म्हणतच नाही. कामकाज थांबलं. पण त्याला समज देता येते, निंदेचा ठराव करता येतो, आणि जोन्स नि जॉन्सन यांना तर कमिट्यांवरून आधीच काढलं होतं. तेवढ्यावर भागलं नाही. बहुमतवाल्या रिपब्लिकन पक्षानं थेट हकालपट्टीचा ठराव आणला, सभापती सेक्स्टन यांनी तर या सगळ्याची तुलना ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्पसमर्थकांनी वॉशिंग्टनच्या संसदेवर केलेल्या हल्ल्याशी केली. आता बघा, याच सभागृहानं आधी कोणाला हाकललं होतं? १९८० मधे लाच प्रकरणात दोषी ठरलेल्या एकाला, २०१६ मधे बायकांशी गैरवर्तनाचे आरोप असलेल्या एकाला. त्या रांगेत हे तिघं!

६ एप्रिलला मतदान. ९९ जणांचं सभागृह, दोन तृतीयांश म्हणजे ६६ मतं लागतात. जोन्स ७२ विरुद्ध २५, गेले. पिअरसन ६९ विरुद्ध २६, गेले. जॉन्सन ६५ विरुद्ध ३०, एका मतानं वाचल्या. दोघं कृष्णवर्णीय तरुण बाहेर आणि गोऱ्या बाई आत. त्यांना पत्रकारांनी विचारलं असं का झालं, तर बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं की आमच्या कातडीच्या रंगाचा संबंध असू शकतो.

मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. एकेका आमदारामागे साधारण सत्तर हजार लोक असतात, आमदार काढला म्हणजे त्या लोकांचा आवाज काढला, त्यांनी काय केलं होतं? आपल्याकडे २०२१ मधे महाराष्ट्र विधानसभेनं भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित केले होते, आठवतंय? पक्ष वेगळा, कारण वेगळं, पण सुप्रीम कोर्टानं २०२२ च्या जानेवारीत ते रद्द करताना हेच म्हटलं की अशानं शिक्षा मतदारसंघाला होते. मग पक्ष कुठलाही असो, मला हे पटत नाही, तिथलंही नाही नि इथलंही नाही.

नॅशव्हिलच्या कौन्सिलनं मात्र चारच दिवसांत ३६ विरुद्ध शून्य मतांनी जोन्सना त्याच रिकाम्या जागेवर तात्पुरतं परत पाठवलं, त्याच संध्याकाळी कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर शपथ! दोन दिवसांनी मेम्फिस ज्यात येतं त्या शेल्बी काउंटीच्या कमिशननं पिअरसनना पाठवलं, आणि ऑगस्टमधे दोघंही पोटनिवडणूक रीतसर जिंकले. पण कायद्याचं काय? ऑगस्टमधे खास अधिवेशन झालं, बंदुकांवर ठोस काही नाही. उलट गॅलरीत कागदी फलक धरायलाच बंदी, हातात साधा कागद धरला म्हणून बायकांना बाहेर काढलं, शेवटी कोर्टानं त्या नियमाला स्थगिती दिली. आणि २०२४ मधे कायदा आला तो शिक्षकांना शाळेत बंदूक बाळगू देणारा. घ्या!

तुमच्यापैकी ज्यांची मुलं इथल्या शाळेत आहेत त्यांना लॉकडाऊन ड्रिल माहितीये, बंदूकधारी शाळेत शिरला तर काय करायचं त्याचा सराव. लाइट बंद, दाराला कुलूप, खिडकीपासून लांब कोपऱ्यात गप्प बसायचं. माझा मुलगा जेवताना हे असं सांगतो जसं आज डब्यात पोळी भाजी होती.

म्हणून म्हणते, आपण दिल्ली नि वॉशिंग्टनवर तासन्‌तास भांडतो पण आपल्या राज्याच्या सभागृहात आपला माणूस कोण हे दहात एकाला तरी माहीत असतं का? बंदुकीचे बरेचसे कायदे तिथेच होतात. नाव शोधा, वेबसाइटवर पत्ता टाकला की लगेच मिळतं. ऑफिसला फोन करा, नाव आणि पत्ता सांगा, आणि म्हणा की विरोध केला म्हणून आमदाराला काढायच्या ठरावाला मत देऊ नका, आणि बंदुकांच्या बिलावर तुमची भूमिका काय ते सांगा. एवढंच, दोन मिनिटांचं काम. व्हिसावर असाल, मत देता येत नसेल, तरी फोन करता येतो. आणि उच्चाराची लाज बाळगू नका हो, ऑफिसातली माणसं पत्ता मतदारसंघातला आहे का तेवढंच बघतात. बरं, आता गाणी लावते.