पापणीवरची रेघ

हे पेन बघा. पापणीवर रेघ आखली जातेय, तीही ताईंना खुर्चीत ताठ बसवून. आडवं झालं की भुवया वर सरकतात, लोंबणारी कातडी पसरते आणि माप चुकतं.

पापणीची लोंबणारी कातडी काढण्याच्या शस्त्रक्रियेतलं निम्मं यश इथेच ठरतं.

पहिली रेघ वरच्या पापणीच्या मूळ घडीवर, पापणीच्या केसांपासून साधारण 8 ते 10 मिलिमीटर. आता हा बोथट चिमटा. जास्तीची कातडी त्यात हलकेच धरतात. केस किंचित वर उचलले गेले, की बस्स. त्यापुढे जायचं नाही. भुवईपासून पापणीच्या केसांपर्यंत किमान 20 मिलिमीटर कातडी शिल्लक राहायलाच हवी, नाहीतर डोळा नीट मिटणार नाही. राहिलेली कातडी पुन्हा काढता येते; काढलेली परत आणणं फार अवघड. म्हणून डॉक्टर पुन्हा मोजतायत. दोन्ही डोळे, आलटून पालटून. हा वेळ न देणाऱ्याच्या हाती आपले डोळे देऊ नयेत.

पापणी सैल पडलीय की ती उचलणारा स्नायूच ढिला झालाय, हेही आधीच तपासलंय. स्नायूचा दोष असेल तर शस्त्रक्रिया वेगळी.

भुलीचं इंजेक्शन पापणीपुरतंच. रक्त कमी यावं म्हणून त्यात ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची ही कातडी, अंगावरची सगळ्यात पातळ. बघा, आखलेल्या कातडीची पट्टी कशी अलगद सुटतेय. खालची पिवळसर चरबी मात्र ओढायची नाही. हलक्या दाबाने आपणहून वर येईल तेवढीच घ्यायची.

खालच्या पापणीत नुसती चरबी फुगली असेल, तर छेद आतल्या बाजूने घेतात. बाहेर व्रण राहत नाही.

दुसरा दिवस. सूज अजून वाढेल, काळंनिळं दोनेक आठवड्यांत ओसरेल. काही दिवस डोळे कोरडे वाटतात. क्वचित डोळ्यामागे रक्तस्राव होतो : जोराची कळ आली, डोळा फुगला, अंधुक दिसलं, तर तडक रुग्णालय गाठायचं. काळी वर्तुळं आणि डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या याने जात नाहीत.

सहावा दिवस. शेवटचा टाका निघाला. आरसा बाजूलाच आहे, पण डॉक्टर आधी म्हणतात, "ताई, डोळे मिटा."

मिटले. पूर्ण.

आता आरसा.